हजर, बोलली नाही

"आज लवकर सुटू. एकेकाला उठवणारी गेली," माझ्या पुढच्या रांगेतली सेल्वी शेजारणीला म्हणाली. तमिळमध्ये, आणि फार हळूही नाही. सेल्वी देवळाच्या रस्त्याला फुलं विकते. संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत तिला टोपलीपाशी परतायचं होतं. शेजारीण हसली, मग समोरच्या फोटोकडे लक्ष गेल्यावर तिने पदर सारखा केला.

फोटो एक्स्चेंज अक्कांचा होता. तिरुवल्लिकेणीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांची शोकसभा होती. फोटोला हार नव्हता, कारण त्यांना तो चालला नसता. सेल्वीने तरीही मोगऱ्याचा एक गजरा टेबलावर, फोटोपासून वीतभर दूर ठेवला होता. दुसऱ्या रांगेच्या टोकाला कन्नियम्मा बसली होती. दोन बस बदलून आली होती. गुरुवारी तिच्या घराच्या अपिलाची सुनावणी होती, आणि घरांच्या पाहणीच्या दिवशी काय झालं ते प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी मिळालं तरच अपील टिकणार होतं. वस्तीतल्या कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. अक्का सोडून हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

अक्कांच्या सभेचा नियम असा, की आलेल्या प्रत्येकाने एक वाक्य बोलल्याशिवाय सभा संपायची नाही. आधी आपलं नाव सांगायचं, मग एक वाक्य. ते वाक्यही कसलंही चालायचं नाही. "ऐकलेलं नको, पाहिलेलं सांग," असं त्या म्हणायच्या. कुणी उभा राहून "हे सरकार…" अशी सुरुवात केली की त्या चष्मा वर करून विचारायच्या, "सरकार पाहिलंस तू? कुठे? मला पण दाखव, मी साठ वर्षं शोधते आहे." मग तो बिचारा खाली बघत सांगायचा, की आमच्या गल्लीतल्या पंपाला काल सकाळपासून पाणी नाही. "हां. हे पाहिलंस. हे लिहून घेतलं."

आणि खरंच लिहून घ्यायच्या. लांब, पुठ्ठ्याच्या, शाळेत हजेरीला असतात तसल्या वह्या. डावीकडे नाव, उजवीकडे वाक्य. जो बोलायचा नाही त्याच्या नावापुढे "हजर, बोलला नाही" असं लिहून त्याखाली एक ओळ कोरी सोडायच्या. मी एकदा विचारलं, ही ओळ कशाला? माझ्याशी त्या मराठीत बोलायच्या. म्हणाल्या, "तो बोलेल तेव्हां लिहायला जागा नको? मी जागा ठेवतें. असके बोलतात, गो. कुणी लवकर, कुणी उशिरा."

'असके' म्हणजे सगळे. त्यांचं मराठी तंजावरचं होतं. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं राजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरलं आणि तिथेच राहिलं. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. वाक्य तमिळच्या चालीवर वर जायचं आणि मध्येच एखादा असा शब्द यायचा, की जो माझ्या आजोबांच्याही आधीच्या कुणीतरी वापरला असेल. माझं मराठी त्यांना तितकंच विनोदी वाटायचं. मी आवडी नावाच्या गावी, सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले. बाबा साताऱ्याकडून तिथल्या कारखान्यात आले होते. शाळा इंग्रजी, खेळ तमिळमध्ये, मराठी फक्त जेवताना. "तुझ्या एका वाक्यात मराठी शब्द किती, मोज बघू," त्या म्हणायच्या. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. आवडीची म्हणून 'आवडी' म्हणायच्या, आणि मग सगळी वस्तीच तसं म्हणायला लागली.

आमची भेट वाण्याच्या दुकानात झाली. मी तेव्हा तिरुवल्लिकेणीतल्या मुलींच्या हॉस्टेलात नुकतीच राहायला आले होते, आणि रांगेत उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. पुण्याच्या एका मुलाचं स्थळ होतं. आई एकटीच बोलत होती, मी "हं… हं…" करत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "अगो, 'हं' म्हणजे हो की नाही, तें आईला तरी सांग." मागे वळून पाहिलं तर पांढरे केस कापून बारीक केलेल्या, सुती साडीतल्या एक बुटक्या बाई. हातात चिंचेची पुडी. मी फोन पिशवीत टाकला. त्या म्हणाल्या, "बरं, रविवारीं दहा वाजता ये. मला इंग्रजी कागद वाचणारी पाहिजे. वाचायला तोंड उघडावं लागत नाही."

मी गेले. का गेले ते आजही नीट सांगता येत नाही. राजकारणात मला रस नव्हता. बहुधा कुणीतरी माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा न करता बोलावलं होतं, म्हणून.

त्यांचं घर म्हणजे पुढची एक खोली आणि मागे स्वयंपाकाची बोळ. पुढच्या खोलीत दर रविवारी कालव्याकाठच्या वस्तीतल्या बायका अर्ज लिहून घ्यायला यायच्या. रेशनकार्ड, विधवा पेन्शन, शाळेतला दाखला. अक्का तमिळमध्ये लिहायच्या आणि मी खात्याकडून आलेले इंग्रजी कागद वाचून काढायचे. लिहून झाल्यावर त्या अर्ज मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि ज्याचा अर्ज त्यालाच विचारायच्या, "हे तू बोललीस का? की मी बोलले?" बाई घुटमळली तर कागद टराटरा फाडून पुन्हा नवा.

त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, म्हणून एक्स्चेंज अक्का. कानाला हेडफोन लावून दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, मधे बोलायचं नाही, हा नोकरीचा नियम. "बारा वर्षं मी 'नंबर प्लीज' एवढंच बोलले," असं त्या सांगायच्या. मग एका संपात त्या निलंबित झाल्या आणि इतर बायकांबरोबर काही दिवस तुरुंगात गेल्या. तिथे रोज सकाळी वॉर्डन यायची आणि काठीने डोकी मोजायची. तिसऱ्या दिवशी या बायकांनी ठरवलं की मोजू द्यायचं नाही. काठी समोर आली की प्रत्येकीने आपलं नाव सांगायचं आणि रात्री बराकीत काय पाहिलं ते एका वाक्यात सांगायचं. नळ गळतो. पलीकडच्या बाईला ताप आहे. भातात खडे होते. "वॉर्डनला दोन तास लागले मोजायला," अक्का म्हणायच्या. "आणि चौथ्या दिवशी भात निवडून आला." सभेचा नियम तिथून आला होता. पक्षात त्या तुरुंगातून सुटल्यावर गेल्या. पुस्तकं नंतर वाचली, आणि सगळी वाचली नाहीत, असं स्वतःच कबूल करायच्या.

नगरसेवकपदासाठी दोनदा उभ्या राहिल्या, दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा पडल्यावर दुसऱ्याच दिवशी घरोघर गेल्या. आभार मानायला नव्हे. "मत नाही दिलंस, ठीक. कां नाही दिलंस ते सांग. राग नाही, लिहून घेते आहे." एका म्हाताऱ्याने सांगितलं, "अक्का, तुम्ही निवडून आलात तर मग आमचे अर्ज कोण लिहिणार?" हे वाक्य त्या फार खुशीत सांगायच्या. मला वाटतं, त्यांना ते लागलंही होतं.

पक्षाशीही त्यांचं धड नव्हतं. वस्ती शहराबाहेर हलवायची ठरली तेव्हा वरच्या मंडळींचं म्हणणं पडलं, की पक्की घरं मिळतायत तर घ्यावीत. अक्का म्हणाल्या, धुणीभांडी तिरुवल्लिकेणीत आणि घर दोन बसपलीकडे, ही घरं कुणासाठी? पक्षाने त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला. त्यांनी चार पानी खुलासा दिला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पक्षाच्या कचेरीत जाऊन पेपर वाचत बसल्या. "भांडलें म्हणून घर सोडतात का, गो? खुर्ची जरा लांब ओढून बसतें, एवढंच."

माझ्या नोकरीची त्यांना गंमत वाटायची. एकदा विचारलं, "तुमच्या कंपनीत संघटना नाही? मग साहेबाशी बिनसलं तर कुणाकडे जाता?"

"एचआरकडे."

"तो कुणाचा माणूस?"

"कंपनीचाच."

"म्हणजे सासूचं गाऱ्हाणं सासूकडेच." आणि मुरुगेसनकडे वळून तमिळमध्ये तेच पुन्हा सांगितलं. मुरुगेसन रिक्षावाले, अक्कांचे जुने सोबती. ते आठवडाभर मला भेटले की "सासूबाई बऱ्या आहेत ना?" असं विचारायचे.

दोन वर्षं भांडून अक्कांनी एवढं मिळवलं, की वस्तीजवळच नवीन इमारत होईल आणि जे प्रत्यक्ष राहत असल्याचं पाहणीत दिसेल त्यांना तिथे घर मिळेल. बाकीचे बाहेर. पाहणीच्या दिवशी कामाला कुणी जायचं नाही, आणि "दार सोडायचं नाही, शेजारणीच्या दारात काय चाललंय ते बघायलासुद्धा नाही," असं अक्कांनी सगळ्यांना बजावलं होतं. सगळ्यांनी तंतोतंत ऐकलं. कालव्याच्या भिंतीपाशी गल्ली वळते, तिथे शेवटचं घर त्रेचाळीस नंबरचं, कन्नियम्माचं. ते कुठूनच दिसत नाही, म्हणून अक्कांनी यादी देऊन मला वळणावर उभं केलं होतं.

कन्नियम्मा चार घरची भांडी घासायची. तीन घरांनी सुट्टी दिली. चौथ्या घरी पाहुणे होते, त्यांनी दिली नाही. "अर्ध्या तासात येते," म्हणून ती कुलूप लावून गेली, आणि पाहणीची माणसं ठरल्यापेक्षा लवकर आली. त्यांनी कुलूप पाहिलं, फॉर्मवर एक अक्षर लिहिलं आणि माघारी वळली. तेवढ्यात कन्नियम्मा धावत आली. हाताला साबण तसाच होता. तिने त्यांच्यासमोर कुलूप उघडलं, दार ढकललं, आत चुलीवरचं पातेलं दिसत होतं. त्यातला एक म्हणाला, "आता लिहून झालं." मी तिच्या मागे, पाच पावलांवर होते; तिने वळूनही पाहिलं नाही. मी यादीत त्रेचाळीससमोर टिंब काढलं, आणि पाहिलेलं संध्याकाळी फक्त अक्कांना सांगितलं.

पंधरा दिवसांनी खात्याच्या कचेरीत यादी वाचणार होते. हरकत असेल तर तिथल्या तिथे, तोंडी. नंतर घेतली जाणार नाही. अक्का तापाने आडव्या होत्या. "तू जा. तुला इंग्रजी येतं आणि तू पाहिलंस. एक वाक्य," त्या म्हणाल्या. माझ्याबरोबर वस्तीतल्या दोन बायका आल्या. साहेब घराचा नंबर आणि एक अक्षर, असं वाचत गेले. अक्षरांचा अर्थ यादीच्या पहिल्या पानावर इंग्रजीत होता. 'डी' म्हणजे कुलूपबंद, घरात वस्ती नाही. "फॉर्टी-थ्री, डी." ते थांबले. वर बघून म्हणाले, "ऑब्जेक्शन?"

माझ्याकडे वाक्य तयार होतं. इंग्रजीत होतं, तमिळमध्ये होतं, मराठीतसुद्धा होतं. खोलीत पंखा फिरत होता. दोघी बायका माझ्याकडे बघत होत्या. साहेबांनी पान उलटलं.

अक्कांना मी सांगितलं, की ते फार भरभर वाचत होते, मला ऐकूच आलं नाही. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग "सरि," म्हणाल्या. ठीक आहे. पुढे कधी तो विषय काढला नाही, आणि मला दर रविवारी कागद वाचायला बोलावणंही थांबवलं नाही. लेखी अर्ज केले, ते परत आले. वेळेवर हरकत नाही. पावसाआधी कन्नियम्माला बाहेरच्या वसाहतीत हलवलं. तिची चारपैकी तीन कामं सुटली. अक्कांनी अपील लावलं. वकील म्हणाला, बाईच्या एकटीच्या शब्दावर काही व्हायचं नाही, पाहणारं कुणी आणा. हे अक्कांनी मला सांगितलं नाही. मुरुगेसननी सांगितलं, बाकी सगळ्यांना सांगितलं तसं. मी "हं" म्हणाले.

त्यानंतर चार महिन्यांनी अक्का गेल्या. सरकारी इस्पितळात, न्यूमोनियाने. मी दोनदा भेटायला गेले होते. बोलताना त्यांना धाप लागायची, म्हणून मी पेपर वाचून दाखवला. दुसऱ्यांदा निघताना म्हणाल्या, "तुझ्या आईला कळवलंस का, स्थळाला हो की नाही तें?" मी म्हटलं, अजून नाही. "हं," त्या म्हणाल्या. अगदी माझ्यासारखं. ते आमचं शेवटचं बोलणं.

त्यांनी देहदान केलं होतं. त्यामुळे दहन नाही, अस्थी नाहीत, दहावं-तेरावं नाही. सकाळी दोन तास लाल कापड घालून त्यांना पक्षाच्या कचेरीत ठेवलं, घोषणा झाल्या, मग मेडिकल कॉलेजची गाडी आली. मी फुटपाथवर उभी होते. गाडीने इंडिकेटर दिला आणि वळली. मी बसने ऑफिसला गेले, दुपारपर्यंतचं काम पुरं केलं, डबा खाल्ला. आईने फोनवर विचारलं, फार वाईट वाटत असेल ना? मी शोधून पाहिलं. काही वाटत नव्हतं. दात काढल्यावर गाल आपला नसतो, तसं सगळं होतं.

शोकसभेच्या आदल्या दिवशी मुरुगेसननी वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे दिला, उद्या वाचायला त्यातलं काही निवड म्हणून. मी अडीच वर्षांतली माझी पानं बघत गेले. "आवडी: हजर, बोलली नाही." खाली कोरी ओळ. पुढच्या रविवारी तेच. एवढ्या ओळी मी रिकाम्या घालवल्या असतील हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग कचेरीच्या तारखेचं पान आलं. त्या दिवशी सभा नव्हती, अक्का तापात होत्या, तरी अक्षर त्यांचंच, जरा वाकडं. "कचेरी. त्रेचाळीस. आवडी: हजर, बोलली नाही."

'ऐकू आलं नाही' असं मी सांगितलं होतं. ते त्यांनी लिहिलं नव्हतं. खाली ओळ सोडलेली होती.

मी वाचण्यासाठी काहीच निवडलं नाही. वही पिशवीत घालून सभेला आले.

पक्षाचे एक वरिष्ठ बोलले, वकील बोलला. अक्कांचा त्याग, अक्कांची निष्ठा. कुणीही पाहिलेलं काही सांगितलं नाही. मग मुरुगेसन उठले आणि म्हणाले, आता दोन मिनिटं शांत उभं राहू आणि सभा संपवू. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले.

"संपवू कशी?" सेल्वी बसल्या जागेवरूनच म्हणाली. "एकेक वाक्य झालं का?"

मुरुगेसन तिच्याकडे बघत राहिले. "सेल्वी, तुझी फुलं…"

"फुलं सुकतील. मी सेल्वी. देवळाच्या रस्त्यावर पोलिसांनी टोपली उचलली तेव्हा अक्का त्या टोपलीत हात घालून बसल्या, सुटेपर्यंत काढला नाही. मी पाहिलं." आणि ती शेजारणीला कोपराने ढोसत म्हणाली, "हं, ऊठ. आता तू."

रांग सुरू झाली. कुणी सांगितलं, अक्का इडलीवर साखर घेत. कुणी सांगितलं, त्या एकदा सभेत झोपल्या होत्या आणि जाग आल्यावर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं. लोक हसले. कन्नियम्मा उभी राहिली, नाव सांगितलं, आणि म्हणाली की नव्या घरी अक्का काठी टेकत तीन जिने चढून आल्या, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, इथून काहीच दिसत नाही. मग ती खाली बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

माझी रांग आली. माझ्या अलीकडची बाई बसली. मुरुगेसननी माझ्याकडे बघितलं आणि नजर पुढच्या माणसाकडे नेली. सवयच होती ती, त्यात काही वाईट नव्हतं. पुढचा माणूस उठायलाही लागला होता.

मी उभी राहिले. पंखा फिरत होता. मी तमिळमध्ये बोलले, आणि आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"माझं नाव ऋतुजा. पाहणीच्या दिवशी कन्नियम्माने त्या लोकांसमोर कुलूप उघडलं, ते मी पाच पावलांवरून पाहिलं, आणि कचेरीत त्रेचाळीस नंबर वाचला तो मला स्पष्ट ऐकू आला होता."